धुतला नाही ना?

सोलापुरात एप्रिलच्या भर दुपारी आपल्या हाताने पंखा बंद करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आता माझं पोटच पंख्यांवर चालतं. नवी पेठेत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, अर्धं आयुष्य मी या गावाला वारा विकला. आणि या गृहस्थांच्या घरी गेलं की पहिलं वाक्य कानावर येतं, "साडू, जरा पंखा बंद करतो हं." मग खिडक्या लागतात, दार लागतं, हातातला चहाचा कप काढून घेतला जातो, आणि आपल्या तोंडावर आपलाच रुमाल धरायला सांगतात. "श्वास घ्या, काही हरकत नाही. सोडताना फक्त तोंड तिकडे करा." घामाच्या धारा लागलेल्या असतात, कुठे टिपायची सोय नसते, कारण रुमाल तोंडावर. एवढी सगळी तयारी झाली, की साडू कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढतात, हातात पांढरे सुती मोजे चढवतात आणि त्यातून एक वस्तू दोन बोटांच्या चिमटीत, फक्त कडेला धरून, उजेडात आणतात. ती वस्तू म्हणजे चांदीचा रुपया. इंग्रजांच्या वेळचा, राजाचं तोंड असलेला, आपल्या सगळ्यांच्या आजीच्या डब्यात हळदीकुंकवात लोळत पडलेला असतो तो. पहिल्या वेळी मी भाबडेपणाने म्हणालो, "अहो, हा तर सगळ्यांकडे असतो की!" साडूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "सगळ्यांकडे असतो. पण असा असतो का?"

या 'असा' शब्दात माझ्या साडूंचं सगळं चरित्र आलं. नाणी गोळा करणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, ती माणसं दुर्मिळ वस्तूच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावतात. एकोणीसशे अकरा सालच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीत जो बारीक हत्ती आहे तो म्हणे डुकरासारखा दिसतो, म्हणून लोक त्या रुपयावर तुटून पडतात. साडू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. "डुकरासाठी कोण एवढं मोजणार?" त्यांना पाहिजेत सतरा, अठरा, एकोणीस सालचे रुपये, जे त्या काळी टांकसाळीने पोत्यांनी पाडले आणि जे आजही पायलीला पन्नास मिळतात. पण ते कसे पाहिजेत? जणू आज सकाळीच टांकसाळीतून बाहेर पडलेत आणि वाटेत कोणी शिवलं नाही, असे. राजाच्या दाढीचा केस न् केस मोजता आला पाहिजे, हत्तीची सोंड शाबूत पाहिजे, कडेला ओरखडा नको. "साडू, दुर्मिळ वस्तू काय, पैसा टाकला की कोणीही आणतो. साधी वस्तू उत्तम मिळवून दाखवा. तिथं माणसाचा कस लागतो." यात तत्त्वज्ञान किती आणि पगार किती, हे विचारण्यात अर्थ नाही. ते चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात चेकिंगला आहेत. एक धागा सुटलेला दिसला तरी टॉवेल बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. आयुष्यभर तेच केल्यामुळे दृष्टीच तशी झालीय. भाजीवाली त्यांना लांबून येताना बघून वांग्यांवर पोतं टाकते. एकदा घरात पांघरायला साधी चादर घ्यायला गेले, आणि दुकानदाराने गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडत शेवटी हात जोडले, "अण्णा, तुमी हितंच झोपा की ओ, पण आता नवीन काढायला लावू नका." माझी धाकटी मेव्हणी, म्हणजे यांची बायको, म्हणते, "मला कसं पसंत केलं कोण जाणे. बहुतेक त्या दिवशी चष्मा विसरले होते."

चांदीवर टांकसाळीचं जे मूळ तेज असतं, नाणं हलवलं की गोल फिरल्यासारखं दिसतं, त्याला साडू 'पाणी' म्हणतात. मोत्याचं पाणी, तलवारीचं पाणी, तसं रुपयाचं पाणी. शब्द चांगला आहे, पण सोलापुरात तो जपून वापरायला पाहिजे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, येईल तेव्हा येतं, आणि उजनी धरणात किती टक्के राहिलं हे आम्ही पेपरात राशिभविष्याच्या आधी वाचतो. एकदा साडू गॅलरीत उभे राहून फोनवर कुठल्याशा नाणेवाल्याशी बोलत होते. "पाणी आहे का? नाही, ते सांगा आधी. पाणी आहे? भरपूर आहे?" आणि मग आनंदाने ओरडले, "पाणी आहे म्हणतो!" झालं! अख्खी गल्ली बाहेर. घागरी, कळश्या, बादल्या, समोरच्या पद्मशाली काकूंनी तर हातमागासारखा खडखडाट करत मोटार सुरू केली. नळ कोरडे ठणठणीत. पुढचे काही दिवस साडूंना त्या गल्लीतून मान खाली घालून जावं लागलं. पण सुधारतील ते साडू कसले! त्यांनी रुपयांची प्रतवारीसुद्धा पाण्यावरच बसवलीय. झिजून गुळगुळीत झालेला रुपया म्हणजे 'कोरडा'. त्याच्या वर 'थेंब', मग 'तांब्या', मग 'घागर', मग 'हौद'. आणि सगळ्यात वरची, स्वप्नातली प्रत म्हणजे 'उजनी भरली'. पुण्याच्या नाणेप्रदर्शनात ते असलं काही बोलायला लागले की व्यापारी एकमेकांकडे बघतात. हौदाच्या भावात उजनी मागणारा माणूस म्हणून तिथे त्यांची ख्याती आहे.

त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं म्हणजे जिवाला घोर. एकदा मला सराफ कट्ट्यावर घेऊन गेले. एका म्हाताऱ्या सराफाकडे मोडीत आलेले रुपये होते, त्यात साडूंना लांबून एक एकोणीसचा दिसला. त्यांचा श्वास वर गेला. माझ्या दंडाला चिमटा काढून पुटपुटले, "हौद आहे, साडू. चेहऱ्यावर काही दाखवू नका." मी चेहरा दगडासारखा केला. साडू सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "तो एक बघू जरा. पण कडेला धरून द्या हं." सराफ जुन्या वळणाचा माणूस. गिऱ्हाईक चांदीची खात्री करून घ्यायला बघतंय असं त्याला वाटलं. आपल्याकडे रुपया द्यायचा तर वाजवून द्यायचा, ही रीतच आहे. "खोटं नाही ओ हितं काही," असं म्हणून त्याने तो रुपया वर उडवला आणि समोरच्या फरशीवर खण्णकन आपटला. साडूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी फक्त बसखाली शेपूट सापडलेल्या कुत्र्याचा ऐकला होता. रुपया फरशीवर गोल गोल फिरत होता आणि साडू त्याच्याबरोबर मान फिरवत होते. सराफ मला म्हणाला, "पाव्हण्याला साखरेचा त्रास आहे काय?" परत येताना साडू म्हणाले, "एवढी वर्षं तो रुपया कुणाच्या तरी पेटीत सुखात होता. आज मी नजर टाकली, आणि मेला." मला हसू आवरेना. पण त्यांच्याकडे बघून मी ते गिळलं.

त्या बिस्किटांच्या डब्यात पुठ्ठ्याच्या घड्यांमध्ये रुपये सालवार बसवलेले असतात. त्यात अठरा सालची जागा मात्र रिकामी होती. बाजारात सगळ्यात जास्त मिळणाऱ्या सालांपैकी हे एक, आणि नेमका तोच खण मोकळा! नवीन माणसाला याचं कोडं पडायचं, मला नाही. कारण साडूंचा अठराचा रुपया ठरलेला होता. तो करकंब गावी होता, आमच्या दोघांच्या सासूबाईंकडे.

सासूबाईंच्या घरी भाद्रपदात उभ्या महालक्ष्म्या बसायच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन पितळी कोठ्यांवर मुखवटे. ज्येष्ठेच्या कोठीत गहू भरायचे आणि गव्हावर, मऊ लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, एक रुपया ठेवायचा. हा रुपया सासूबाईंना त्यांच्या आईने लग्नात दिलेला, आणि देताना एकच गोष्ट बजावली होती: याला पाणी लावायचं नाही. घरातली बाकी चांदी सणाआधी राखेने घासायची, पण हा रुपया धुवायचा नाही, धुतला की लक्ष्मी वाहून जाते. साडूंचं लग्न झालं त्या साली पहिल्या महालक्ष्म्यांना आम्ही दोघं जावई ओळीने पाटावर बसलो होतो. सासूबाईंनी फडकं सोडलं, आणि माझ्या शेजारचा पाट हलला. साडू अर्धवट उठले होते. अठराचा रुपया. आयुष्यात ज्याला ना पाणी लागलं, ना बोट, ना बाजार. कडेने मोरपिशी-जांभळी झाक चढलेली आणि मधे राजाच्या गालावर तेज असं फिरत होतं की मला, पंखे विकणाऱ्या माणसाला, सुद्धा कळलं. साडू म्हणाले, "उजनी भरली." सासूबाई म्हणाल्या, "व्हय? बरं झालं की. औंदा उसाची काळजी मिटली."

त्या दिवसापासून दरसाल महालक्ष्म्यांचे तीन दिवस आम्हा सगळ्यांना परीक्षेसारखे जायचे. करकंबच्या एसटीतून उतरलं की साडू चप्पल काढायच्या आधी सासूबाईंना विचारायचे, "आई, धुतला नाही ना?" सासूबाईंना पुढेपुढे ऐकू कमी यायला लागलं होतं. त्या नुसत्या हसायच्या आणि मान हलवायच्या. फडकं सुटेपर्यंत साडूंचा जीव भांड्यात पडायचा नाही. सुटलं, रुपया तसाच आहे हे दिसलं, की मग ते पुरणाला हात लावायचे. एका साली शेजारच्या एक बाई हळदीकुंकवाला आल्या. सासूबाईंनी कौतुकाने रुपया दाखवायला काढला, आणि त्या बाईंचा तुपाने माखलेला हात पुढे आला. साडूंनी समोरचं ताट ओलांडून झेप घेतली. कटाची आमटी सांडली, आळूची भाजी माझ्या धोतरावर आली, बाई घाबरून "आगं बया!" म्हणत मागे सरल्या. रुपया वाचला. गावात मात्र बातमी झाली की करकंबच्या धाकट्या जावयाच्या अंगात महालक्ष्मीसमोर वारं आलं. पुढच्या वर्षी दोन बायका त्यांच्या पाया पडून गेल्या.

मी त्यांना शंभरदा म्हणालो, "अहो, एवढा जीव अडकलाय तर मागून टाका. आई नाही म्हणायच्या नाहीत." साडू कानावर हात ठेवायचे. "साडू, काय बोलताय! जावयानं सासूची लक्ष्मी मागायची? जीभ झडेल." तेही खरंच. आणि माझी बायको थोरली, आईच्या परंपरेची कडक पहारेकरीण. ती एकदाच, पण खणखणीत बोलली होती, "तो महालक्ष्मीचा आहे. कोठीतून बाहेर जायचा नाही." तेव्हा हा रुपया कधी मिळणार नाही, हे साडूंनी मनाशी पक्कं केलं होतं. पण त्याच्याहून कमी प्रतीचा अठराचा रुपया त्या खणात बसवायलाही ते तयार नव्हते. किती जणांनी किती दाखवले! सगळ्यांना एकच उत्तर, "चांगला आहे. पण मी तो पाहिलाय हो." त्यांचं मागणं आता फक्त एवढंच उरलं होतं, की तो रुपया जिथे आहे तिथे तसाच राहो. बाईमाणसांच्या, सणावाराच्या, राखेच्या, तुपाच्या, या सगळ्या दुनियेत एक रुपया कोरा राहो.

सासूबाईंना मुलगा नव्हता. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा आम्ही त्यांना सोलापूरला आमच्याकडे घेऊन आलो. गावात लोक म्हणाले, आता महालक्ष्म्या बंद कराव्या लागतील, लेकीच्या घरी चालत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "न चालाया काय झालं? त्या काय पायानं चालत जानार हायेत व्हय?" आणि कोठ्या, मुखवटे, गव्हाचं पोतं, सगळं टेम्पोत घालून त्या आल्या. रुपया कनवटीला. त्या साली महालक्ष्म्या आमच्या घरी बसणार होत्या आणि सासूबाईंनी आधीच जाहीर केलं होतं की आपल्याजवळचं जे काही आहे त्याची वाटणी त्या जेवणाच्या दिवशी करणार. घरात एकदम ताण आला. माझी बायको आणि मेव्हणी, सख्ख्या बहिणी, एकमेकींशी फार गोड बोलायला लागल्या, हे लक्षण काही चांगलं नव्हे. बोरमाळ कुणाला, पाटल्या कुणाला, याची कुणाला फारशी पडली नव्हती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो रुपया होता. बायकोला तो कोठीत पाहिजे होता. मेव्हणीला नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. आणि साडू? ते जेवणाच्या दिवशी सकाळपासून येऊन बसले होते, कपड्यांना इस्त्री, खिशात भिंग, आणि आल्या आल्या नेहमीचा प्रश्न, "आई, धुतला नाही ना?" सासूबाई मोरीतून पदराला हात पुसत बाहेर येत होत्या. त्या दिवशी त्या फार गोड हसल्या.

नैवेद्य झाला. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं झालं. पानं उचलण्याआधी सासूबाई भिंतीला टेकून बसल्या आणि हाक मारली, "जावईबापू, धाकलं, हिकडं या. बसा पाटावर." साडू बसले. सासूबाईंची मूठ मिटलेली होती. "मला दिसाया कमी येतंय, आयकाया कमी येतंय, पर माणसाचा जीव कुटं अडकलाय ते कळतंय की. दरसाली तुमी येता, आन पायरीवरच इचारता, आई, धुतला न्हाई का? आई, धुतला न्हाई का? मी आपली हसून गप बसते. काय बोलू? माझ्या आईनं सांगितलं व्हतं, रुपयाला पानी लावू नगं. पर लेकीच्या नवऱ्यानं इतकी वर्सं इचारावं, आन आपुन कडंनं काळा पडलेला रुपया फुडं करावा, बरं दिसतं व्हय ते? आई गेली, तिचा शब्द बी लई पाळला. आज घासला बगा. पहाटंधरनं घासतीया. राख लावली, चिंच लावली, काथ्यानं रगाडला. हाताला फोड आला. पर निघाला बगा कसा लख्ख! घ्या. ह्यो तुमचा."

मूठ उघडली. रुपया स्टीलच्या नव्या ताटलीसारखा चकाकत होता. मोरपिशी झाक नाही, जांभळी नाही, आतून फिरणारं ते तेज नाही. सगळीकडे एकसारखी, सपाट, पांढरी चमक. मेव्हणीने पदर तोंडात धरला. 'ना' आणि 'का'! एवढासा फरक, आणि ऐकू न येणाऱ्या म्हातारीने इतकी वर्षं त्या काळजीचा ठपका म्हणून अर्थ घेतला होता. सराफाने रुपया आपटला तेव्हाचं साडूंचं ओरडणं माझ्या कानात घुमायला लागलं. आता हा माणूस काय करतो? किंचाळतो? उठून जातो? म्हातारी त्यांच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत होती, मोतीबिंदूतून जेवढं दिसेल तेवढं. मला दुसरं काही सुचेना. इतक्या वर्षांची सवय, मी मुकाट्याने उठलो आणि पंख्याच्या बटणाकडे गेलो.

"राहू द्या, साडू," ते म्हणाले. "फिरू द्या पंखा."

मग त्यांनी हात पुढे केला. मोजे नाहीत, रुमाल नाही, जेवण नुकतंच झालेला, पुरणाचा वास येणारा उघडा हात. सासूबाईंनी त्यावर रुपया ठेवला आणि साडूंनी त्यावर अंगठा दाबला. थेट राजाच्या तोंडावर. या माणसाचा अंगठा रुपयाच्या तोंडावर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी तो कपाळाला लावला आणि मोठ्याने, सासूबाईंना ऐकू जाईल असं, त्यांच्याच बोलीत म्हणाले, "आई, लई पाणी हाय की ओ याला! उजनी भरली!"

सासूबाई बोळकं पसरून हसल्या. "मग! येवडं घासल्यावर न्हाई निघायचं व्हय?"

माझ्या बायकोला तोवर सगळं कळलं होतं. रुपया घराबाहेर चाललाय म्हणून भांडायची तिची जय्यत तयारी होती, ती तिने तिथेच सोडली. एवढंच म्हणाली, "पाव्हणं, रुपया तुमचा. पण दरसाली महालक्ष्म्यांना कोठीत आणायचा." साडूंनी मान हलवली.

उन्हं उतरल्यावर आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो. साडूंनी सवयीने भिंग काढलं, रुपयाला लावलं, आणि बराच वेळ बघत राहिले. "काथ्याच्या रेघा आहेत गालावर," म्हणाले. "सगळ्या आडव्या. आईंचा हात आडवा चालतो." मला राहवेना. मी म्हणालो, "अहो, मोठ्यानं तरी विचारायचं होतं इतकी वर्षं!" ते म्हणाले, "मोठ्यानंच विचारत होतो की. मी 'ना' म्हणत होतो, साडू. मी 'ना'च म्हणत होतो." आणि एकदम हसायला लागले. मीही हसलो. हसता हसता त्यांचा आवाज कधी बदलला ते कळलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. रडणाऱ्या साडूकडे कसं बघायचं, हे कुठे शिकवलेलं नसतं.

पुढच्या महालक्ष्म्या सासूबाईंनी पाहिल्या नाहीत. डब्यातली अठराची जागा अजून रिकामी आहे. साडू अजून भिंग घेऊन हिंडतात, व्यापारी अजून त्यांना बघून चालू पंख्याखाली लपतात, आणि माझ्यासारख्या पंखेवाल्याला रुमाल धरून घामाघूम बसावं लागतं, त्यात काही बदल नाही. सासूबाईंचा रुपया मात्र डब्यात नसतो. तो साडूंच्या शर्टाच्या खिशात, किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर खुळखुळत असतो. कुणीही बघायला मागितला तर देतात. वाजवून बघतो म्हणालं तर "बघा की" म्हणतात. एकदा मी धीर करून विचारलं, "साडू, खरं सांगा, आता याची प्रत काय?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "याला प्रत लावत नाही मी."

भाद्रपद आला की ते आदल्या दिवशीच आमच्याकडे येतात. शर्टाच्या बाह्या दुमडतात, मोरीपाशी पाट घेऊन बसतात, आणि एका वाटीत चिंच, एका वाटीत राख, हातात काथ्या घेऊन तो रुपया घासायला लागतात. चांगला तासभर घासतात. आडवा हात. राजाची दाढी गेली, हत्ती गेला, आता सालही नीट वाचता येत नाही. मी दाराशी उभा राहून बघतो. आतून, पुरणाच्या वाफेतून, माझ्या बायकोची हाक येते, थेट आईच्या आवाजात, "पाव्हणं, धुतला न्हाई का अजून?"

"धुतला की, आक्का," साडू म्हणतात, आणि पुन्हा घासायला लागतात.